चाकांवरची मोरी

घर झाडणं-पुसणं कितीही कंटाळवाणं असलं तरी त्यात एक मोठी सवलत आहे. बादलीतलं काळं पाणी मोरीत ओतलं, की आपला त्याचा संबंध संपला. पुढं ते कुठल्या पाइपातून जातं, कोणत्या नाल्याला मिळतं, तुंबलं तर कोण उपसतं, यातलं काहीही ठाऊक नसताना माणूस जन्मभर टापटिपीचा म्हणून मिरवू शकतो. आमच्या आळीत अशी नावाजलेली घरं पुष्कळ होती.

चाकांवरच्या घरात ही सवलत मिळत नाही. अमेरिकेत ज्याला आरव्ही किंवा मोटरहोम म्हणतात, तसली एक पंचवीस फुटी गाडी लेक-जावयानं सॉल्ट लेक सिटीत भाड्यानं घेतली आणि आम्हा दोघांना बरोबर घेऊन ते आधी यूटातल्या लाल खडकांकडं आणि तिथून वर यलोस्टोनकडं निघाले. गाडीत पुढं चालकाची केबिन, तिच्या डोक्यावर माळा, माळ्यावर गादी. मागं ओटा, बेसिन, फ्रिज, रात्री खाली पाडलं की पलंग होणारं जेवायचं टेबल, आणि एका कोपऱ्यात संडास-न्हाणी. घर म्हणून लागतं ते सगळं आहे. फक्त मोरीतून गेलेलं पाणी घराबाहेर जात नाही. ते पायाखालच्या टाक्यांत साठतं आणि आपल्याबरोबर गावोगाव हिंडतं.

टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची, साधारण दीडशे लिटरची. दुसरी बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्याची. तिसरी संडासची. या दोन्ही पहिलीपेक्षा लहान, म्हणजे वापरलेला तांब्यान् तांब्या मोजला जाणार. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणाची पातळी बघण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यांना दाराजवळच्या भिंतीवर टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या दिव्यांची एक पट्टी सापडली आणि तेव्हापासून कालव्याला आवर्तन सोडावं तशी ते आम्हाला आंघोळीची परवानगी देऊ लागले.

त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं म्हणा. अमेरिकेत शॉवरमधून मिनिटाला साडेनऊ लिटरपेक्षा जास्त पाणी येऊ नये असा 1992च्या ऊर्जा कायद्यानं घालून दिलेला नियम आहे. म्हणजे घरच्या शॉवरखाली दहा मिनिटं निवांत उभं राहिलं की जवळजवळ शंभर लिटर. गाडीतली धार बारीक असते, पण हिशोब तोच. गरम पाण्याचा बंब तर बावीस-तेवीस लिटरचा. दुसऱ्या माणसाच्या डोक्याला साबण लागेपर्यंत पाणी गार. म्हणून ही मंडळी खलाशी आंघोळ करतात. अंग ओलं करायचं, नळ बंद. साबण लावायचा. नळ उघडून अंग खळाळायचं, संपलं. आरमारात गोड्या पाण्याची टंचाई असायची, तिथून ही रीत आली. जावई मोठ्या अजीजीनं समजावून सांगत होता. चाळीत एका बादलीत न्हाऊन, उरलेल्या पाण्यात रुमाल आणि बनियन धुऊन मोठ्या झालेल्या बाईला हे नवीन नव्हतं. पुढच्या गावात मी एक छोटी बादली आणि मग घ्यायला लावला. यांचे दिवे त्या दिवसापासून बरेच निवांत झाले.

मोआबच्या आसपासची माती लाल. वाळूच्या दगडात लोखंडाचा गंज मुरलेला असतो, त्याचा हा रंग. दगड बघायला अप्रतिम, पण त्यांचा भुगा खिडकीच्या जाळीतून, दाराच्या फटीतून, मोज्यांच्या विणीतून घरात शिरतो. आणि घर ते केवढं! ओट्यापासून पलंगापर्यंत पाच पावलं. एक माणूस बुटांसकट आत आला की सगळीकडं लाल. म्हणून या गाड्यांच्या दाराबाहेर लांबरुंद चटई पसरलेली असते, पायरीला काथ्याचं पायपुसणं गुंडाळलेलं असतं आणि बुटांची टोपली बाहेर. हॉलिवूडच्या सिनेमात बूट घालून पलंगावर आडवी होणारी माणसं बघून आमच्या आईचा जीव कासावीस व्हायचा. इथला कॅम्पग्राउंड बघून तिला बरं वाटलं असतं. ओळीनं उभ्या असलेल्या गाड्या आणि प्रत्येकीच्या उंबऱ्याशी काढून ठेवलेली पादत्राणं.

झाडायला लेकीनं बॅटरीवरचा व्हॅक्यूम आणला होता. तो एका कोपऱ्यात चार्ज होत राहिला आणि काम केलं ते हातभर लांबीच्या झाडूनं आणि सुपलीनं. घर लहान म्हणून काम कमी, अशी माझी समजूत होती. काम खरंच दहा मिनिटांचं असतं, पण ते उद्यावर टाकता येत नाही. मोठ्या घरात पसारा एका खोलीत लोटून दार ओढून घेता येतं, पाहुणा आला तरी पत्ता लागत नाही. इथं दार एकच, आणि त्याच्या आत सगळं. सकाळी गादीची घडी झाली नाही तर चहाला बसायला जागा नाही. ओल्या टॉवेलाची सोय लागली नाही तर तो कुणाच्या तरी उशीवर. दिवसातून तीनदा झाडायचं आणि तीनदा विसरून जायचं. दिवाळीच्या साफसफाईला इथं अर्थ नाही.

फोडणीचा प्रश्न वेगळा. शेगडीपासून हातभरावर बाकाच्या कापडी गाद्या, त्यापलीकडं पडदे. वरचा पंखा एवढासा. मोहरी-हिंगाची फोडणी आत एकदा केली की तिचा वास गादीत मुरतो आणि पुढच्या भाडेकरूपर्यंत पोहोचतो. भाड्याच्या करारात गाडीला वास राहिला तर सफाईचे जादा पैसे, असं कलम असतं. लेकीनं त्यावर तोडगा काढला होता. प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल-बाक असतंच. त्यावर बाहेरच छोटी गॅस शेगडी, बाहेरच फोडणी, आत फक्त कुकर. शेजारचं कुत्रं तेवढं अस्वस्थ व्हायचं.

तरी हळद सांडलीच. पांढऱ्या ओट्यावर, बेसिनच्या कडेला, पावलीएवढा डाग. साबणानं तो जास्तच उठून दिसायला लागला. लेक अनामत रकमेच्या काळजीत. मी तिला म्हटलं, पडदा सरकव आणि गाडी अशी लाव की दुपारचं ऊन ओट्यावर पडेल. हळदीतला रंग उजेडात टिकत नाही, तुटतो. पांढऱ्या साडीवर पडलेला हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडतो, हे आपल्याकडं कुठल्याही आजीला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवसाच्या उन्हापर्यंत डाग पिवळा होता की नव्हता याची शंका यावी इतका उतरला. चारशे डॉलर वाचले असं लेक म्हणत होती. मी त्यातला वाटा मागितला नाही.

भांड्यांची तऱ्हा अशी, की धुण्याआधी पुसायची. ताटातला वरणाचा थेंब, भाताची शितं, तुपाचा ओशटपणा पोळीच्या तुकड्यानं किंवा कागदानं निपटून घ्यायचा, मगच ताट पाण्याखाली. कारण शितं बेसिनमधून खाली गेली तरी ती गेली असं होत नाही. ती सांडपाण्याच्या टाकीत आंबतात आणि चौथ्या दिवशी बेसिनच्या जाळीतून आपली ओळख देतात. संडासच्या टाकीला घाण वास येतो असं सगळे समजतात. अनुभवी लोक सांगतात, उन्हाळ्यात खरकट्याच्या टाकीचा वास जास्त वाईट. बेसिनखालच्या वाकड्या नळीत जे पाणी अडून राहतं, ते वास अडवतं. घाटात गाडी हिंदकळली की ते पाणी सांडून जातं. मग मुक्कामाला पोहोचल्यावर आधी पेलाभर पाणी बेसिनमध्ये ओतायचं आणि मग चहाचं आधण. संडासचंही तसंच. पायानं दाबायची कळ असते, खाली झडप. दाबण्याआधी छताचा पंखा बंद करायचा, कारण पंखा हवा बाहेर ओढतो तेव्हा ती टाकीतून वर येते. एवढं शहाणपण कुठल्याही गृहविज्ञानाच्या पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं.

यलोस्टोनमध्ये खरकट्याला आणखी एक वाटेकरी असतो. फिशिंग ब्रिज नावाच्या मुक्कामाला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, तिन्ही मिळतात. अख्ख्या उद्यानात ही सोय असलेली ती एकच जागा. तिथं तंबू लावू देत नाहीत, कापडी भिंतींची गाडीही चालत नाही, कारण तो भाग ग्रिझली अस्वलांच्या वावराचा आहे. जेवण झालं की टेबलावर काहीही ठेवायचं नाही. उष्टं ताट नाही, कुकर नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. सगळं गाडीत आणि गाडीला कुलूप. कचऱ्याच्या पेटीला असा खटका, की माणसाची बोटं आत जातील, अस्वलाचा पंजा जाणार नाही.

ही शिस्त पहिल्यापासूनची नाही. यलोस्टोन 1872 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि पुढं कितीतरी दशकं तिथल्या हॉटेलांचं उष्टं उघड्या उकिरड्यांवर टाकलं जायचं. संध्याकाळी अस्वलं तिथं जमायची आणि त्यांचं जेवण बघायला पाहुण्यांसाठी बाकांच्या पायऱ्या मांडलेल्या असायच्या. शेवटचे उकिरडे 1970च्या सुमारास बंद झाले. आयत्या अन्नाला सोकावलेली अस्वलं मग मुक्कामांवर येऊ लागली आणि त्यांतली कितीतरी मारली गेली. आपण टाकलेल्या चार घासांची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजायची, हे तिथं फार उघड दिसतं. टेबलावरची भाताची शितं वेचताना आमचे हे एकदाही कुरकुरले नाहीत. घरी ताट उचलायला सांगितलं तर वर्तमानपत्र चेहऱ्यापुढं धरतात.

ओलीचं थोडक्यात सांगते. फिशिंग ब्रिजचा तो तळ्याकाठचा मुक्काम जवळजवळ साडेतेवीसशे मीटर उंचीवर, उन्हाळ्यातही रात्री कडाक्याची थंडी. चार माणसं बंद गाडीत झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ काचांवर उतरते आणि सकाळी खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ. पुसलं नाही तर गादीच्या मागं बुरशी. उपाय एकच, छताचं झाकण बोटभर उघडं ठेवायचं. जावई उघडायचा, वारं बाधेल म्हणून हे बंद करायचे. हा संसार सबंध प्रवासभर चालला.

आता ज्याबद्दल खरं बोलायचं आहे तिकडं येते. टाक्या भरल्या की त्या रिकाम्या करायला ठरलेल्या जागा असतात. काँक्रीटचा उतार, मध्यभागी झाकणाचं भोक, शेजारी एक नळ आणि नळावर पाटी, की हे पाणी प्यायचं नाही. गाडी अशी लावायची की तिची तोटी भोकाजवळ येईल. मग पोटाच्या खणातून जाड घडीची नळी काढायची, तीन इंच व्यासाची. एक टोक पिळून तोटीत बसवायचं, खट् असा आवाज यायला हवा. दुसरं टोक भोकात. आमच्या नळीला जोडापाशी एक पारदर्शक कोपर होता. तो कशासाठी, हे मला झडप ओढल्यावर समजलं. काय जातं आहे आणि कधी स्वच्छ जायला लागलं, हे त्यातून दिसतं.

क्रम ठरलेला. आधी संडासची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आतून धुऊन निघते. संडासची झडप मुक्कामाला जोडणी असली तरी उघडी ठेवायची नाही. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते टाकीत साचून त्याचा ढीग होतो. दोन-तृतीयांश भरू द्यायची, मग एका दमात सोडायची. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी, ती वेगळ्या खणात. तिचा आणि या खणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. सोवळ्या-ओवळ्याचे इतके कडक नियम मी माझ्या आजेसासूबाईंच्या स्वयंपाकघरानंतर पहिल्यांदाच पाहिले. फरक एवढाच, की यांना कारण होतं.

पहिल्या वेळी जावयानं हातमोजे चढवले आणि गुडघ्यावर बसला. आम्ही दोघं पलीकडं झाडाखाली. हातात थर्मासमधला चहा. थोड्या वेळानं हे खालच्या आवाजात मला म्हणाले, "अगं, जावयानं हे करायचं आणि मी चहा पीत बघायचं?" मी म्हटलं, "मग काय करणार?" ते काही बोलले नाहीत. आमच्या मागं रांगेत तीन गाड्या. त्यातल्या एकीतून सत्तरी उलटलेली एक बाई उतरली, एकटीच. पांढरे केस, गळ्यात मोत्यांची माळ, हातात रबरी मोजे. आपली पाळी येईपर्यंत ती जावयाशी नळीच्या रबरी वायसरबद्दल गप्पा मारत होती, सोसायटीत आपण लोणच्याच्या बरणीबद्दल बोलतो त्या आवाजात.

पुढच्या मुक्कामाला यांनी मोजे मागून घेतले. जावई संकोचला, "बाबा, राहू द्या हो, मी करतो." यांनी ऐकलं नाही. वाकून बघितलं आणि म्हणाले, "उतार कुठं आहे हो याला? मधे पोट पडलंय, तिथं साचणार." मग दोन दगड आणि लाकडाची एक फळी हुडकून नळीला तोटीपासून भोकापर्यंत सारखा उतार दिला. जन्मभर कालव्यांचे उतार काढलेला माणूस. मैला एका दमात गेला. कोपर स्वच्छ दिसायला लागल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी धरणाच्या उद्घाटनालाही पाहिलेलं नव्हतं. आणि या गृहस्थानं आमच्या संसारात संडासची फरशी एकदाही घासलेली नाही, हेही इथं लिहून ठेवते.

अमेरिकेत हा विषय विनोदाचा आहे. 2006 सालच्या 'आरव्ही' नावाच्या सिनेमात रॉबिन विल्यम्सची ही टाकी रिकामी करताना जी फटफजिती होते, ती बघून थिएटरं हसली. आपलीच घाण आपल्याच अंगावर उडाली तर हसू येणारच. आपल्याकडं त्यावर विनोद होत नाही, कारण आपल्याकडं घाण एकाची आणि अंगावर उडते दुसऱ्याच्या, आणि तो दुसरा कोण, हे त्याच्या जन्माच्या आधीच ठरलेलं असतं.

आप्पासाहेब पटवर्धनांनी हे ठरलेलं मोडायचं मनावर घेतलं होतं. कोकणातला उच्चशिक्षित ब्राह्मण माणूस. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना 1932 मध्ये त्यांनी भंगीकाम मला द्या म्हणून मागणी केली. तुरुंगाच्या नियमात ते काम जातीवर वाटलेलं, ब्राह्मण कैद्याला ते मिळेना. आप्पासाहेबांनी जेवण जवळजवळ सोडलं आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण केलं. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपास! पुढं कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करणारे संडास बांधून दाखवले. त्यांना कोकणचे गांधी म्हणतात. रस्त्यांना, चौकांना नावंही दिली. त्यांनी मागून घेतलेलं काम मात्र ज्यांच्याकडं होतं त्यांच्याकडंच राहिलं. माणसाला हातानं मैला उचलायला लावायला बंदी करणारा कायदा 1993 मध्ये झाला, तो पुरेना म्हणून 2013 मध्ये दुसरा झाला, त्यात संरक्षक साधनांशिवाय गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरवण्यालाही मनाई आली. तरी टाकीत उतरलेला माणूस गुदमरून मेल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते आणि आपण पान उलटतो.

गंमत अशी, की आप्पासाहेबांचा खताचा मार्ग आता या गाड्यांत पोहोचला आहे. वर्षभर गाडीतच राहणारी काही मंडळी पाण्याचा संडास काढून टाकतात आणि सुका बसवतात. लघवी वेगळ्या भांड्यात, घट्ट ते वेगळ्या डब्यात, आणि वर नारळाच्या काथ्याचा भुसा. भुशाची वीट मिळते, भिजवली की फुगते. पाणी लागत नाही, वास जवळजवळ नाही. डबा मात्र स्वतःच्या हातानं न्यावा लागतो. युरोपातल्या पुष्कळ गाड्यांत पाण्याचा संडास असला तरी खालची पेटी सुटकेससारखी बाहेर ओढून, चाकांवर घरंगळत न्यायची सोय असते. गाव कोणतंही असो, आपली पेटी घेऊन चाललेल्या माणसाला पाहून कुणी तोंड फिरवत नाही.

संडासच्या टाकीच्या तळाशी जे चिकटून राहतं ते काढायला एक लोकप्रिय उपाय आहे, बर्फ. पिशवीभर खडे टाकीत टाकायचे आणि गाडी हाकायची, ते आदळून-आपटून टाकी घासतात अशी समजूत. बर्फ बिचारा वितळून जातो. नुसतं थोडं पाणी आणि कपडे धुवायची पावडर टाकून घाटरस्त्यानं गेलं की पाण्याच्या हिंदोळ्यानं त्यापेक्षा जास्त काम होतं. ही युक्ती जॉन स्टाइनबेकनं फार आधी, कपड्यांसाठी वापरली होती. तो 1960 मध्ये चार्ली नावाचा कुत्रा घेऊन अशाच एका गाडीतून अमेरिका फिरला आणि 1962 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गाडीत त्यानं झाकणाची प्लॅस्टिकची बादली ताणणाऱ्या दोरीनं टांगली होती. तीत कपडे, पाणी, साबण. दिवसभर रस्ता कपडे धुवायचा, संध्याकाळी ओढ्यावर खळबळून टाकायचे. ज्या वर्षी पुस्तक आलं त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. धुण्यासाठी नाही, पण मला त्या पुस्तकातली ती बादलीच जास्त आठवते.

यांच्या दिव्यांचं सांगायचं राहिलं. टाकी पूर्ण रिकामी करून आलो तरी दोन-तृतीयांशचा दिवा जळतच. यांची झोप उडाली. जावयानं सांगितलं, टाकीतल्या पातळी टिपणाऱ्या खिळ्याला कागदाचा बोळा चिकटला की दिवा असाच खोटं बोलतो. संडासात फक्त लवकर विरघळणारा कागद टाकायचा, तो ओळखायची परीक्षाही आहे. बाटलीत पाणी घेऊन त्यात एक तुकडा टाकायचा आणि हलवायचं, लापशी झाली तर चांगला. हे त्यानंतर दुकानात कागदाच्या रिळांपुढं उभं राहून बाटली मागत होते. लेकीनं त्यांना हात धरून बाहेर आणलं.

गाडी परत देताना टाक्या कोरड्या असाव्या लागतात. माणूस आला, त्यानं झडपा तपासल्या, ओट्यावर हात फिरवला, गादीला नाक लावलं. पास झालो.

परत आल्यावर यांच्या डोक्यात आपल्याकडं असं काही करायचं खूळ शिरलं. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, अशा गाड्या भाड्यानं मिळतात. कोकणात जाऊ म्हणाले. आपल्याकडं गाडीबरोबर बहुतेक वेळा चालक येतो, कधी एक मदतनीसही. यांनी एका ठिकाणी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भाडं विचारलं, झोपायच्या जागा विचारल्या. मग विचारलं, "टाकी कुठं रिकामी करायची? आणि कोण करतं?"

"साहेब, त्याची काळजीच करू नका. आमचा माणूस असतो ना बरोबर. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"कुठं करतो तो?"

"बघतो तो बरोबर, साहेब. रात्रीचं करतो."

"त्याला हातमोजे देता का?"

पलीकडं जरा शांतता. मग, "विचारून सांगतो, साहेब."

फोन अजून आलेला नाही. यांनी कोकण पुढच्या महिन्यावर ढकललंय आणि लेकीला तिकडून पारदर्शक कोपर आणायला सांगितलंय.